जुना दवाखाना, मागचं मैदान आणि संशोधन संकुल: विरोध नेमका कशाला करायचा

प्रश्न विचारणाऱ्या दादांनी शहराचं नाव घातलेलं नाही, पण मराठवाड्यातलं जिल्ह्याचं ठिकाण आहे एवढं वर्णनावरून कळतंय. मधूनच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. गावाच्या मधोमध निजाम काळातला दगडी दवाखाना आहे, सिव्हिल बायपासला गेल्यापासून त्याला कुलूप आहे, शेजारी पीडब्ल्यूडीचे पडके क्वार्टर आणि जुन्या जिनिंगचं गोडाऊन, आणि मागं कडुलिंब-चिंचांचं मैदान जिथं सकाळी अर्धं गाव फिरायला येतं. सगळं मिळून दहा एकराच्या आसपास. तिथं आरोग्य संशोधन संकुल करायचा प्रस्ताव आलाय, व्हॉट्सॅपवर काचेच्या इमारतीचं चित्र फिरतंय, आणि दादा विचारतात की याला विरोध करायचा का, जुन्या इमारती पाडाव्याच लागतात का, आणि लॅबमुळं शेजारच्या गल्ल्यांना काही धोका असतो का.

मी आर्किटेक्ट आहे, हॉस्पिटल आणि लॅबच्या इमारती हेच रोजचं काम, बरंचसं संभाजीनगर, जालना, लातूर या पट्ट्यातलं. जागा न बघता शंभर टक्के उत्तर देणं जमणार नाही, खाली किती फुटांवर मुरूम लागतो आणि जमीन कागदावर कोणाची आहे यावर निम्मा निकाल ठरतो, पण विचार कुठून सुरू करायचा ते सांगता येतं.

तर पहिली गोष्ट, विरोध करायचा का हा प्रश्न आत्ता घाईचा आहे. आधी विचारा की संकुलात बसणार काय आहे. आरोग्य संशोधन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं पांढरे कोट आणि मायक्रोस्कोप येतात, पण त्या एका नावाखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेली कामं असतात. पेशंटला बोलावून वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा करणं हे एक काम. रक्त-थुंकीचे नमुने तपासणं आणि साठवणं हे दुसरं. कॉम्प्युटरवर बसून आकडेवारी काढणं तिसरं. आणि मग प्राणीगृह, जोखमीच्या जंतूंवरचं काम, जड मशिनरी. या सगळ्याला एकच जागा लागते असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, फक्त प्रस्ताव एकगठ्ठा मंजूर करून घ्यायला सोपा पडतो म्हणून सगळं एका कंपाउंडात दाखवतात.

मी क्लायंटला पहिल्याच मीटिंगला विचारतो, या खोलीत गावातला माणूस बसस्टँडवरून पायी येणार आहे का? येणार असेल तर ती खोली गावात पाहिजे. येणार नसेल तर गावातली महागडी जागा त्या खोलीवर का घालायची हे त्यांनी मला पटवून द्यावं. बहुतेक वेळा यादी तिथंच अर्ध्यावर येते.

आता कोणी म्हणेल की मोठं संशोधन मोठ्या इमारतीशिवाय होत नाही, तर आपल्याच भागातलं उदाहरण देतो. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक अभ्यास सुरू झाला. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून केलेला. २००९ मध्ये निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला, की एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची, तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली तरी पुढच्या स्टेजचे कॅन्सर आणि त्यानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगभरच्या डॉक्टरांनी वाचलेलं काम आहे हे आणि ते धाराशिवकडच्या खेड्यापाड्यातल्या बायकांच्या भरवशावर उभं राहिलं. त्याच्या आधी १९८७ पासून बार्शी, भूम, परांडा या तीन तालुक्यांची कॅन्सर नोंदणी चालू होती, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. म्हणजे खरं भांडवल काय होतं तर गावात जाणाऱ्या नर्सताई, गाड्या, नीट भरलेले फॉर्म आणि परत परत बोलावलं तरी येणारे लोक. काचेची इमारत या यादीत कुठंच नाही.

म्हणून तुमच्या जुन्या दवाखान्याच्या आवारात संशोधनाची ओपीडी, नोंदणी, समुपदेशन, नमुना गोळा करायचं केंद्र आणि साधी तपासणी लॅब आली तर मी त्याच्या बाजूनं उभा राहीन. लोकांना दवाखाना म्हणून ती जागा माहिती आहे, ऑटोवाल्याला पत्ता सांगावा लागत नाही, हा फायदा बायपासच्या जागेला नाही. बाकीचं शहराबाहेर नेता येतं, आणि नेलेलंही आहे. टाटा मेमोरियल परळमध्येच राहिलं पण त्यांचं संशोधन केंद्र खारघरला गेलं. आपल्याकडं नांदेडचं मेडिकल कॉलेज विष्णुपुरीला आहे, तसली बाहेरची सरकारी जागा प्रत्येक जिल्ह्यात थोडीफार असतेच.

जुन्या इमारती पाडाव्या लागतात का, तर नाही, पण सगळ्या वाचवा असंही मी म्हणणार नाही. मुंबईचं हाफकिन बघा. १८९६ च्या प्लेगमध्ये सुरू झालेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, म्हणजे गव्हर्नर राहायचा त्या वाड्यात, आणि आजही तिथंच आहे. जुन्या वास्तूत संशोधन चालत नाही हे त्यामुळं खरं नाही. फक्त कुठल्या वास्तूत काय घालायचं याला डोकं लागतं.

निजामकालीन दवाखान्याचा वॉर्ड म्हणजे साधारण दोन-अडीच फुटाची दगडी भिंत, चुन्यात बांधलेली, वर गर्डर आणि फरशी नाहीतर सागवानी तुळयांवरचं माळवद, आणि छत चौदा-पंधरा फुटांवर. उंची बघून इंजिनिअर खूश होतो की एसीचे डक्ट मस्त बसतील. बसतात, पण टांगायचे कशाला? त्या छतावर एअर हँडलिंग युनिट, म्हणजे डक्टमधून हवा ढकलणारं जड मशिन, ठेवलं की गर्डर वाकलेच म्हणून समजा. शिवाय रसायनांच्या लॅबला आतली हवा परत फिरवून चालत नाही, तासाला सहा-आठ-दहा वेळा सगळी हवा बाहेर टाकून नवीन घ्यावी लागते, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात ती बाहेरची हवा थंड करायचं बिल काय येईल ते बघा, आणि त्यासाठी भिंतीला एवढी भोकं पडतात की जुनी भिंत म्हणायला काही उरत नाही. म्हणून ओल्या कामाची, म्हणजे रसायनं आणि नमुने हाताळायची लॅब जुन्या वॉर्डात घालू नये. तिथं ओपीडी, मुलाखतीच्या खोल्या, रेकॉर्ड, लायब्ररी, आकडेवारीवाल्यांची टेबलं छान बसतात, जाड भिंतीमुळं दुपारीसुद्धा गारवा असतो.

अजून एक, जे मला जवळजवळ प्रत्येक जुन्या सरकारी इमारतीत दिसतं. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. कोणीतरी कधीतरी नूतनीकरण म्हणून तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट मारलेला असतो, मग ओल आतच अडकते, गिलावा जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत फुगतो, बोट दाबलं की पापुद्रा सुटतो आणि आतून पांढरा खार पडतो. तेवढं बघून अहवालात लिहितात "इमारत मोडकळीस आलेली आहे". मोडकळीस आलेला असतो तो गिलावा. त्यामुळं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय असं सांगितलं तर विचारा की कशाचं झालं, गिलावा खरवडून दगड आणि चुना बघितला का, गर्डरची टोकं भिंतीत जिथं बसतात तिथं गंज बघितला का. टोकं खाल्ली गेली असतील तर मात्र छत जाणारच, त्याला इलाज नाही, भिंती ठेवून छत नवीन करावं लागतं. आणि पीडब्ल्यूडीचे क्वार्टर, गोडाऊन हे पाडायला माझी काही हरकत नाही. नवीन लॅबची इमारत तिथंच बांधा, कारण ती जागा आधीच बांधलेली आहे आणि तिथं मोठं झाड नसतं. पाडताना निघणारं सागवान आणि शहाबादी फरशी जाते कुठं याच्यावर तेवढं लक्ष ठेवा, ती लै लवकर गायब होती.

आता मैदान. दादा, तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे, "मैदान तसंच राहणार, खाली फक्त पार्किंग करणार असं सांगतात". खरी मेख इथंच आहे. मैदानाखाली दोन मजली पार्किंग काढायचं तर आधी मैदान पूर्ण खणावं लागतं. झाडं कापल्याशिवाय ते होत नाही. वर नंतर जे हिरवं दिसतं ते स्लॅबवर टाकलेली तीन-चार फूट माती आणि लॉन, म्हणजे गच्चीवरची बाग. तिथं कडुलिंब, चिंच कधी पूर्वीसारखी वाढत नाहीत आणि पावसाचं पाणीही खाली मुरत नाही. आपल्याकडं बोअर डिसेंबरलाच आटतात त्या भागात गावातली एकुलती एक मुरणारी जमीन स्लॅबखाली घालणं मला परवडण्यासारखं वाटत नाही, बाकी कोणाला वाटत असेल तर त्यानं उन्हाळ्यातलं टँकरचं बिल आधी दाखवावं.

आणि झाड तोडलं नाही म्हणजे वाचलं असंही नसतं. एका कामावर पाइपलाइनचा चर जुन्या कडुलिंबापासून पाचेक फुटांवरून जेसीबीनं काढला, मुळ्या तुटल्या, वर कोणाला काही दिसलं नाही, झाड दोन पावसाळे हिरवंगार राहिलं आणि मग एका बाजूनं वाळत वाळत वादळात आडवं झालं. ठेकेदार तोवर बिल घेऊन गेलेला. म्हणून साधा नियम धरा, दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथवर पडते तिथवर खोदायचं नाही, भराव टाकायचा नाही, सिमेंट-वाळूचा ढीगसुद्धा नाही. नकाशावर खोडाचा ठिपका दाखवतात तो फसवा असतो, सावलीचं वर्तुळ काढायला लावा, मग आपोआप कळतं की इमारतीचा कोपरा झाडात घुसलाय.

झाडांचा कायदा १९७५ चा आहे, २०२१ ला त्यात बदल झाले. पन्नास वर्षांवरचं झाड आता हेरिटेज धरलं जातं, आणि तोडलं तर झाडाचं वय जितकं तितकी नवीन झाडं लावायची. ऐंशी वर्षांच्या चिंचेला ऐंशी रोपं. ती लावणार कुठं, पाणी कोण घालणार, हे प्रस्तावात लिहिलेलं आहे का बघा. बऱ्याचदा पंधरा किलोमीटरवरच्या एखाद्या टेकडीचा गट नंबर असतो.

काळ्या मातीचंही बघून घ्या. आपली काळी पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुन्या दवाखान्याचा पाया त्या हालचालीला शंभर वर्षांत सरावलेला असतो. शेजारी खोल खड्डा काढून महिनोनमहिने पंपानं पाणी उपसलं की माती एका बाजूनं सुकते आणि भिंतीला तिरपे तडे जातात, मग ते तडे दाखवून म्हणतात बघा, धोकादायक इमारत. संभाजीनगरसारख्या ठिकाणी तर जमिनीखाली मलिक अंबरच्या काळातल्या नहरीच्या, म्हणजे शहराला पाणी आणायच्या जुन्या व्यवस्थेच्या, खापरी नळ्या आहेत, जुन्या शहरात खोदताना कुठं काय लागेल सांगता येत नाही. तुमच्या शहरातही बारव, बुजवलेल्या विहिरी असतील. म्हाताऱ्या माणसांना विचारून एक कच्चा नकाशा करून ठेवा, सर्व्हेवाल्याला ते माहिती नसतं.

धोक्याचं विचारलंय. लॅबला जोखमीप्रमाणे पातळ्या असतात, बीएसएल-१ ते ४. बीएसएल-२ म्हणजे साधारण चांगल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालतं तसलं काम, तुमच्या गावात आत्ताही चालू आहे आणि तुम्ही शेजारून रोज जाता. बीएसएल-३ ला आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवावा लागतो, बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून, म्हणजे जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून जाते, आणि हे चोवीस तास, लाईट गेली तरी. बांधताना सगळे पैसे देतात, दहा वर्षं फिल्टर बदलायचे आणि जनरेटर तपासायचे पैसे कोण देतं हा माझा प्रश्न असतो. लंडनमध्ये क्रिक इन्स्टिट्यूट २०१६ ला भर वस्तीत, सेंट पँक्रस स्टेशनशेजारी उघडलं, तेव्हाही शेजाऱ्यांनी हेच विचारलं होतं. तिथं इमारतीचा तिसरा हिस्सा जमिनीखाली आहे आणि शेजाऱ्यांसाठी वेगळं सामुदायिक केंद्रही बांधलं. पण तिथं बाहेर जागाच नव्हती आणि खर्चाची ताकद वेगळी. आपल्याकडं बीएसएल-३ मैदानाशेजारी बसवायचं कारण मला तरी दिसत नाही, मेडिकल कॉलेजच्या आवारात न्यावी.

रोजचा त्रास मात्र जंतूंपेक्षा मागच्या गेटचा असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांच्या वर ठेवता येत नाही, आणि ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रकल्प असेल तर स्वतःची भट्टी लावता येत नाही, म्हणजे कचऱ्याची गाडी येत-जात राहणार. नमुने गोठवून ठेवायला लिक्विड नायट्रोजनचा टँकर येणार, डिझेल येणार, जनरेटर वाजणार. चकचकीत चित्रात पुढची पायरी आणि कारंजं असतं, ट्रक वळतो कुठं ते नसतं. मी नकाशा हातात घेतला की आधी तेच शोधतो. जर ट्रकचा रस्ता मैदानातून जात असेल तर मैदान मेलं, मग झाडं किती का वाचेनात.

आणि पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं लातूरला, आपण विसरलो नाही. लॅबला शुद्ध पाणी लागतं, आरओमधून बरंचसं पाणी वाया जातं, कूलिंग टॉवर वेगळा पितो. रोज किती लिटर, कुठून, आरओचं वाया पाणी फ्लशला आणि एसीचं ठिबकणारं झाडांना जोडलंय का, हे लेखी मागा. आकडा दिला नाही तर डिझाइन अजून झालेलंच नाही असं समजायचं.

कायद्याचं थोडक्यात. सगळ्यात आधी विकास आराखड्यात त्या मैदानावर काय लिहिलंय ते काढा, नगररचनाकडं भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला तेवढ्या जागेचा नकाशा, मिळतो. मैदान किंवा बाग असं आरक्षण असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. बंगळुरूत बागेची जागा हॉस्पिटलसाठी एका ट्रस्टला दिली होती, १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते वाटप रद्द ठरवलं, हॉस्पिटल हे सुद्धा सार्वजनिक काम आहे हा युक्तिवाद चालला नाही. आपल्याकडं आरक्षण बदलायचं तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना असतो. ही नोटीस पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते, तीवर डोळा ठेवायला एक माणूस नेमा. आणि आरक्षण नसेल, नुसतीच दवाखान्याची मोकळी जागा म्हणून लागलेली असेल, तर मात्र तुमचं फिरणं ही आजवरची सवलत होती, हक्क नाही, मग भांडायची पद्धत बदलते. मग मैदानाचा तुकडा वेगळा मोजून घेऊन त्याच्यावर आरक्षण टाका अशी मागणी करायची.

दहा टक्के मोकळी जागा आम्ही सोडतोच असं कोणी सांगितलं तर भुलू नका. ४००० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटला ती नियमानंच सोडावी लागते, आणि ती आत राहणाऱ्या-काम करणाऱ्यांसाठी असते, गेटवर वॉचमन बसला की विषय संपला. सार्वजनिक म्हणजे वेगळं गेट, सकाळ-संध्याकाळ उघडं, देखभाल नगरपालिकेकडं, आणि हे करारात.

जमिनीची मालकी पण बघून घ्या, मराठवाड्यात इनामी, खिदमत माशच्या (देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या) जमिनी कुठून निघतील नेम नाही. पीआर कार्डावर, म्हणजे मालमत्ता पत्रकावर थांबू नका, १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद काढा. मालकीचा वाद असला की कोर्टात वीस वर्षं जातात आणि तोवर ना संकुल होतं ना दवाखान्याचं छत दुरुस्त होतं.

तर दादा, तुमच्या जागी असतो तर मी विरोधाचं पत्र न देता सूचनेचं दिलं असतं. जुना वॉर्ड ठेवा आणि त्यात लोक येतील ते काम घाला, लॅब क्वार्टर-गोडाऊनच्या जागेवर बांधा, बेसमेंट मैदानाखाली नको, ट्रकचं गेट मागच्या रस्त्याला, जोखमीचं काम मेडिकल कॉलेजला. नुसतं "मैदान वाचवा" म्हणून गेलात तर तुम्हाला विकासविरोधी म्हणून बाजूला काढतील, नकाशा घेऊन गेलात तर बसायला खुर्ची देतात, असा माझा अनुभव आहे. एक विचारायचं राहिलं तर तेही विचारून घ्या, संशोधक आणि टेक्निशियनची पदं मंजूर आहेत का, का फक्त बांधकामाचं बजेट आहे. नुसतं बांधकामाचंच असेल तर सगळा जोर मैदानाची हद्द मोजून तार टाकून घेण्यावर लावा, कारण काम अर्धवट थांबलं तर खणलेलं मैदान कोणी भरून देत नाही.

झाडांची यादी मात्र याच आठवड्यात करा. छातीच्या उंचीवर टेपनं घेर मोजायचा, नंबर टाकायचा, तारखेसहित फोटो, आणि एक प्रत नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडं देऊन पोच घ्यायची. भाग नकाशा मिळाला की इथं टाका, ट्रकचं गेट आणि सावलीची वर्तुळं मी मार्क करून देतो.